फाइलसिस्टीम टूलचा यूजेबिलिटी पॅच रिव्ह्यू करताय? या चुका टाळा

डिस्क फॉरमॅट करणाऱ्या नाहीतर स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) उडवणाऱ्या कमांडमध्ये कुणी "वापरायला सोपं केलंय" म्हणून पॅच (कोडमधला बदल) पाठवला की सगळे कोडवर तुटून पडतात, व्हेरिएबलची नावं काय, स्पेस किती, आणि टूल एकदा पण चालवून बघत नाहीत. भावा, यूजेबिलिटी (वापरायला किती सोपं) डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसत नसते. एक जीबीची रिकामी फाइल करा, लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्क समजून वापरायची सोय) म्हणून जोडा आणि त्यावर मुद्दाम चुकीचं चालवा, डिव्हाइसचं नाव न देता, डिस्क माउंट असताना, रूटचे (सर्वाधिकाराचे) हक्क नसताना. एरर नुसता "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" आणि कुठलं ते सांगत नाही? पॅच परत.

आता सगळ्यांचा लाडका बदल: "नक्की डिलीट करू का?" ऐकायला लई भारी. पण उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्याचा सर्व्हर रात्री दोनला क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतनं) जुने स्नॅपशॉट उडवतोय, तिथं हो म्हणायला कोण बसलंय? क्रॉन जॉबला कीबोर्ड नसतो, टूल उत्तर वाचायला गेलं की इनपुट लगेच संपतं, टूल ते "नाही" धरून गप बाहेर पडतं, आणि एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य दिला असेल तर स्क्रिप्टला वाटतं काम झालं. डिस्क भरेपर्यंत कुणाला पत्ता नाही. म्हणून विचारा: टर्मिनल नसताना काय होणार, आणि नकार असेल तर कोड शून्य सोडून दुसरा येतो का.

इथं जुन्या टूलांचं पण एकमत नाही बरं का. बीटीआरएफएस आणि एक्सएफएस या फाइलसिस्टीमांचं एमकेएफएस (फॉरमॅट करणारी कमांड) आधीची फाइलसिस्टीम दिसली की फोर्स दिल्याशिवाय हलत नाही, कुठनं पण चालवा. ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमचं टर्मिनलवर विचारतं, स्क्रिप्टमधनं मात्र न विचारता पुसून मोकळं. मला पहिलं पटतं. बीटीआरएफएसचा फुल बॅलन्स (सगळा डेटा डिस्कवर परत वाटणं) तर फिल्टर नसेल तर वॉर्निंग देऊन 10 सेकंद थांबतो, तेवढ्यात कंट्रोल-सी मारा. स्क्रिप्ट मोडत नाही, फक्त 10 सेकंद उशीर. डोकं लावलंय राव.

आउटपुट "नीट दिसावं" म्हणून बदलताना पण जपून. 2016 च्या कोअरयूटिल्स (लिनक्सच्या मूळ कमांडचा संच) 8.25 मध्ये एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) टर्मिनलवर स्पेसवाल्या नावांना कोट लावायला लागला, केवढी बोंबाबोंब! तरी पाइपमधलं (दुसऱ्या कमांडला जाणारं) आउटपुट त्यांनी होतं तसंच ठेवलेलं, म्हणून स्क्रिप्ट वाचल्या. तुमच्या पॅचमध्ये कॉलम सरकला तर कुणाचा तरी ऑक (कॉलम वाचणारं टूल) रात्रीत भलतंच उचलणार.

फ्लॅगचं पण तेच. फोर्ससाठी बीटीआरएफएस, एक्सएफएसला छोटा एफ, ईएक्सटी४ ला मोठा, आणि ईएक्सटी४ च्याच एफएससीकेमध्ये (फाइलसिस्टीम तपासणाऱ्या कमांडमध्ये) छोटा एफ म्हणजे क्लीन असली तरी तपास. त्यामुळं नवीन फ्लॅगला लांब नाव द्या म्हणावं, एक अक्षर नको.

आणि मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका), हेल्प, बॅश कम्प्लीशन (टॅब दाबून कमांड पूर्ण करायची सोय) त्याच पॅच सीरिजमध्ये मागा, "नंतर करतो" म्हणणारा परत येत नसतो.