शनिवार मोकळा ठेवा: इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळू पाहणाऱ्यांसाठी

सप्टेंबरात इंग्लंडला उतरलेली मंडळी बॅगेत बॅट घालूनच येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, टीम कुठे मिळेल? तोवर इथला हंगाम आटोपलेला असतो. एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, एवढंच इथलं क्रिकेट. क्लब मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच गाठायचा, कारण तेव्हा शाळांच्या हॉलमध्ये इनडोअर नेट्स, म्हणजे जाळीतला सराव, सुरू होतो. जवळपासच्या क्लबच्या सेक्रेटरीला दोन ओळींची ईमेल टाका. आपण कॉलेजकडून खेळलो की सोसायटीकडून, ते खरं सांगा. बऱ्याच क्लबांच्या तीन-चार टीम असतात आणि शेवटच्या टीमला माणसं कायम कमी पडतात, तेव्हा खेळायला मिळेलच.

व्हिसाचं आधी बघा. स्टुडंट किंवा स्किल्ड वर्कर व्हिसावर हौस म्हणून खेळायला आडकाठी नाही, व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळायला आहे. पण पैसे घेत नाही म्हणजे आपण हौशी, असं समजू नका. गेल्या दोन वर्षांत राज्याच्या संघातून, अगदी वयोगटाच्या संघातूनसुद्धा, खेळलेला माणूस नियमांच्या व्याख्येत व्यावसायिक ठरू शकतो. महाराष्ट्र, मुंबई किंवा विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून थेट एमएस्सीला आलेल्या मुलाने हे क्लबला नोंदणीआधीच सांगावं. आणि मॅचमागे हळूच पाकीट देऊ करणाऱ्याला सरळ नाही म्हणावं.

सामानावर पैसे उधळू नका. क्लबच्या किटबॅगेत पॅड-हेल्मेट सापडतात. घ्यायचेच तर स्पाइकचे बूट घ्या, कारण मे महिन्यातल्या ओल्या गवतावर रबरी तळव्याचे बूट घसरतात. लांब बाह्यांचा स्वेटरही हवा. वर्षाची वर्गणी आणि दर मॅचची फी वेगळी असते. विद्यार्थ्यांना बहुधा सवलत मिळते, पण ती मागावी लागते.

इथे चेंडू बॅटवर येत नाही, थांबून येतो. आपल्याकडच्या टणक विकेटवर जो फटका कव्हर्समधून जातो, तोच इथे मिडऑफच्या हातात विसावतो. मे महिन्यात दीडशे धावासुद्धा जड जातात. स्पिनर असाल तर खचू नका: 1911च्या दौऱ्यात पळवणकर बाळूंनी डावऱ्या फिरकीवर याच देशात शंभराहून जास्त बळी घेतले होते.

काही लीगमध्ये अजून ड्रॉ असतो, आणि आपली माणसं तिथे हमखास गोंधळतात. दुसऱ्या डावात ओव्हर्स संपल्या, लक्ष्य गाठलं नाही, पण दहा जण बादही झाले नाहीत, तर मॅच अनिर्णित. म्हणजे नऊ बाद असताना अकराव्या नंबरच्या माणसाने पॅड बांधून अर्धा तास नुसता बचाव करायचा, आणि त्याबद्दल टाळ्या मिळवायच्या. जिंकण्याची आशा सुटल्यावर हवेत बॅट फिरवून आऊट होणाऱ्याला ड्रेसिंगरूममध्ये कोणी काही बोलत नाही, पण पुढच्या आठवड्यात त्याचा नंबर खाली सरकतो. मला विचाराल तर क्रिकेटची खरी मजा यातच आहे. लीगचे नियम मात्र आधी वाचून ठेवा.

खालच्या डिव्हिजनमध्ये नेमलेले पंच नसतात. बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघे कोट घालून उभे राहतात आणि दहा-बारा ओव्हरनी पाळी बदलतात. आपल्याच कॅप्टनला पायचीत द्यायची वेळ तुमच्यावरही येणार. काही जण आपल्या माणसासाठी बोट कधीच वर करत नाहीत, आणि ते कोण, हे अख्ख्या लीगला ठाऊक असतं. चेंडू मधल्या स्टंपावर जात असेल तर द्या. त्या संध्याकाळी कॅप्टन फुगून बसेल, बसू दे. स्कोअर लिहायलाही शिकून घ्या. लिहिता येणाऱ्या माणसाला क्लब सोडत नाही.

शनिवारची मॅच साधारण एकला सुरू होते आणि सातच्या पुढे संपते. गावाबाहेरच्या मैदानावर बस जात नाही, म्हणून लिफ्ट मागा, पेट्रोलचा वाटा स्वतःहून द्या. टीम बहुधा गुरुवारी लागते. शुक्रवारी रात्री ‘पोट बिघडलंय’ असा मेसेज टाकणारा यादीतून कायमचा जातो. कोविडनंतर बऱ्याच लीगांनी मधला चहा-सँडविच बंद केलं, तेव्हा डबा न्या. पन्नास धावा केल्या किंवा पाच विकेट काढल्या तर बऱ्याच क्लबांत तुम्हीच सगळ्यांना बिअरचा जग पाजायचा. तुम्ही स्वतः कोक प्यालात तरी चालतं, मॅच संपताच किट उचलून पळालेलं चालत नाही.

लेस्टर, हॅरो, स्लाऊ अशा भागांत आपल्या लोकांच्या टीमही आहेत. माझं मत विचाराल तर शनिवारी गावातला क्लब, रविवारी आपली माणसं. सगळीकडे गोडीगुलाबी असेल असं नाही. इथल्या क्रिकेटमध्ये वर्णद्वेष मुरलेला आहे, हे 2023च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने स्पष्टच म्हटलंय. वर्णावरून शेरा आला तर हसण्यावारी नेऊ नका, क्लब आणि लीग दोघांकडे लेखी तक्रार करा.

हंगामाआधी मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक क्लब एक दिवस साफसफाईचा ठेवतात: साइटस्क्रीन रंगवायची, कव्हर्स काढायची, शेड झाडायची. जुने कपडे घालून जा. कॅप्टन तिथेच भेटतो, आणि सलामीला कोण जाणार याची पहिली चर्चाही रंगाच्या डब्यापाशीच होते.