फाशीवर बोलायला उभं राहताय? या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणी, अंबाजोगाई असं करत गेली २१ वर्षं वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जातोय. "फाशीची शिक्षा रद्द करावी" हा ठराव दरवर्षी कुठे ना कुठे असतोच, आणि त्याच चुका घेऊन नवी पोरं उभी राहतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती गुन्ह्याच्या रसभरीत वर्णनाची. पाच मिनिटांपैकी तीन मिनिटं रक्त, कोयता, किंकाळ्या. तालुक्याच्या एका कॉलेजात एक मुलगा असाच हातवारे करून खून रंगवत होता. चहा घेऊन आलेल्या मावशींनी ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला आणि तोंडाला पदर लावून त्या बाहेर गेल्या. नंतर व्हरांड्यात भेटल्या. बांधाच्या भांडणात त्यांचा सख्खा भाऊ गेलेला. म्हणाल्या, "सर, सतरा येळा तारखेला गेले, रोज बुडवून. साक्ष एकदाच झाली. त्याचं कुणीच बोललं न्हाई." आत टाळ्या चालू होत्या. मुद्द्यांच्या रकान्यात मी त्या मुलाला शून्य दिलं, आजही देईन.

फाशीच्या बाजूने बोलायचंय ना? मग मावशींपासून सुरुवात करा. कायदा दखल घेत नाही असं वाटलं की माणसं स्वतःच हिशोब चुकते करायला निघतात, हा भक्कम मुद्दा आहे. पण समोरचा लगेच म्हणेल, मावशींची तक्रार शिक्षेबद्दल नाही, उशिराबद्दल आहे. याचं उत्तर घरून घेऊन या.

फाशीच्या विरोधात बोलणारी पोरंही काही कमी नाहीत. "निरपराध फासावर जाऊ शकतो" एवढं म्हणून खाली बसतात. अरे, उदाहरण द्या! आपल्याच राज्यातले भटक्या जमातीतले सहा जण. २००३ चा गुन्हा. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठोठावली. २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आयुष्याची सोळा वर्षं तुरुंगात गेली. हा निकाल मी माझ्या विद्यार्थ्यांना स्वतः बसून वाचायला लावतो. मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकून रात्रीतून पाठ करणाऱ्याला पहिल्याच उलट प्रश्नाला घाम फुटतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वाईट वाटतं.

"फाशीने गुन्हे थांबतात" आणि "अजिबात थांबत नाहीत" ही दोन्ही वाक्यं छातीठोकपणे म्हणू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तिथले आधीचे अभ्यास तपासले आणि सांगितलं की त्यांवरून यातलं काहीच ठरवता येत नाही. आपल्याकडे २००० नंतर प्रत्यक्ष फासावर गेले आठ जण. एवढ्यावरून धाक मोजायचा तरी कसा?

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे डोक्यातून काढा. जन्मठेप आयुष्यभराची असते, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच सांगितलंय. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षेत सूट मिळून सुटायचं तरी त्याआधी किमान चौदा वर्षं आत काढावी लागतात.

फाशी ठोठावली म्हणजे दिली, असंही नाही. बीडच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तर ती हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठाने कायम करावी लागते. मग सुप्रीम कोर्ट, मग दयेचा अर्ज.

फाशी फक्त "दुर्मिळातील दुर्मीळ" प्रकरणातच द्यायची, हे म्हणताना बचन सिंग खटला, १९८०, हे सांगा. आणि नुसता गुन्हा किती भयंकर यावर ते ठरत नाही, आरोपी सुधारण्याची शक्यताही कोर्टाला पाहावी लागते. हे दहातले नऊ जण विसरतात.

"शंभर अपराधी सुटले तरी चालतील" ही ओळ राज्यघटनेत नाही.

माझी सवय सांगतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आधी विरुद्ध बाजू लिहायची, तीही आपली असल्यासारखी. तिचा सगळ्यात जड मुद्दा स्वतःला खोडता येईपर्यंत आपल्या भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा लिहायचं नाही. पोरांना हा वेळखाऊपणा वाटतो. मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, आणि तरी माझ्याकडून सर्वाधिक गुण घेऊन गेलेली मुलगी फाशीच्या बाजूने बोलली होती. तिने अशी चार पानं भरली होती.

आणि बाबासाहेबांचं नाव घेणार असाल तर ३ जून १९४९ ची घटना समितीतली चर्चा वाचूनच या. गेल्या वर्षी दोघांनी ते फाशीच्या बाजूने घेतलं. त्या दिवशी बाबासाहेब म्हणाले होते की अहिंसेची परंपरा मानणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षा सरळ रद्दच करणं योग्य ठरेल.