सरावाच्या पिस्तूल काडतुसांसाठी परवडणारी गोळी कशी निवडावी

स्वतः काडतुसे भरणाऱ्या नेमबाजाचा खर्च केस (बाहेरचे नळकांडे), प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर (दारू) आणि गोळी या चार जिनसांवर होतो. पितळी केस अनेकदा वापरता येते, पिस्तुलाला पावडर थोडीच लागते आणि प्रायमरमध्ये निवडीला फारसा वाव नसतो. त्यामुळे बचत साधायची तर ती बहुतेक गोळीतच साधावी लागते. येथे गोळी म्हणजे नळीतून लक्ष्याकडे जाणारा भाग, अख्खे काडतूस नव्हे. काडतुसे भरण्याची कायद्याने आणि आपल्या परवान्याने मुभा आहे, हे गृहीत धरून पुढचे लिहितो.

हजार नगांचा भाव विचारण्याआधी आपली नळी मोजावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून बॅरल सुटी करावी, आतून तेलाचा हात फिरवावा आणि नळीपेक्षा किंचित जाड असा मऊ, शुद्ध शिशाचा तुकडा लाकडी दांडीने हलके ठोकत पलीकडे काढावा. त्यावर रायफलिंगचे, म्हणजे नळीतल्या पिळदार खोबणींचे, ठसे स्पष्ट उमटलेले दिसतात. समोरासमोरच्या दोन उंच भागांमधले अंतर मायक्रोमीटरने घेतले की खोबणीचा व्यास कळतो. जॅकेट (तांब्याचे जाड आवरण) असलेली गोळी साधारण या व्यासाइतकी, तर शिशाची गोळी त्याहून ०.००१ इंच जाड असावी. म्हणूनच ९ मिमीसाठी ०.३५५ आणि ०.३५६, ०.३८ स्पेशलसाठी ०.३५७ आणि ०.३५८, तर ०.४५ एसीपीसाठी ०.४५१ आणि ०.४५२ इंच अशी मापांची जोडी विक्रीत आढळते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या प्रत्येक घराचे पुढचे तोंडही मोजावे, कारण ते अरुंद असेल तर योग्य मापाची गोळी नळीत शिरण्याआधीच दबून बारीक होते.

उघड्या शिशाची ओतीव गोळी बहुधा सर्वांत स्वस्त असते, आणि तिच्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती जितकी कठीण तितकी चांगली. कठीणपणाच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिसे सुमारे ५ आणि लिनोटाइपसारखी कठीण मिश्रधातू सुमारे २२ भरते. सरावाच्या हलक्या भाराचा, म्हणजे कमी पावडरीचा, दाब कमी असतो. अशा दाबाला फार कठीण गोळीचे बूड फुगून नळीला चिकटून बसत नाही, मग कडेने निसटणारे तप्त वायू शिसे वितळवतात आणि ते नळीत थापले जाते. ब्रश फिरवल्यावर चिंधीवर करड्या, चकचकीत कपच्या दिसल्या तर आधी गोळीचे माप तपासावे. कठीण गोळीकडे वळणे हा नंतरचा उपाय आहे. बहुकोनी रायफलिंगच्या (धारदार खोबणींऐवजी गोलसर कडांच्या) नळीत उघडे शिसे वापरू नये, असे काही उत्पादक स्पष्ट सांगतात, ते पाळावे.

पॉलिमरचा लेप भाजून बसवलेली शिशाची गोळी मला सरावासाठी सर्वांत समतोल वाटते. भाव उघड्या शिशाच्या जवळपास राहतो, धूर कमी होतो आणि नळी स्वच्छ राहते. तांब्याचा मुलामा दिलेली गोळी थोडी महाग असते आणि तिचे तांबे पातळ असते, म्हणून क्रिंप, म्हणजे केसच्या तोंडाची गोळीवरची पकड, जास्त आवळला तर ते चिरते. पहिली काही काडतुसे भरल्यावर एक गोळी ओढून काढावी आणि केसच्या कडेने तिच्यावर पडलेली रेघ नखाने चाचपावी. नख अडकत असेल किंवा आतले शिसे दिसत असेल तर क्रिंप सैल करावा. पूर्ण जॅकेटची गोळी सोयीची असली तरी हलक्या भाराच्या सरावाला तिची गरज क्वचितच पडते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर स्पर्धांमध्ये तर जॅकेट चालतच नाही, गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची लागते.

वजनाचा हिशेब साधा आहे. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड (सुमारे ०.४५ किलो), म्हणून १२४ ग्रेनच्या हजार गोळ्या सुमारे ८ किलो, तर २३० ग्रेनच्या जवळजवळ १५ किलो भरतात. पोहोचवण्याचा खर्च धरूनच दोन भावांची तुलना करावी. आकारात सपाट तोंडाची वॉडकटर कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण मोजणे सोपे होते, पण बहुतेक स्वयंभरण पिस्तुलांत ती नीट चढत नाही. तिथे गोल तोंडाची गोळी निर्धोक.

एकदम मोठी खरेदी न करता आधी शंभर नग आणावेत. गोळीचा प्रकार, वजन किंवा आकार बदलला की भार छापील तक्त्यातील त्याच प्रकारच्या गोळीच्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच धरावा आणि गोळी तक्त्यातल्यापेक्षा खोल बसवू नये, कारण केसमधली जागा घटली की दाब झपाट्याने वाढतो. पिस्तुलाच्या सुट्या बॅरलमध्ये पावडर आणि प्रायमर नसलेले नमुन्याचे काडतूस सोडून पाहावे: ते टप्प दिशी बसले पाहिजे आणि बॅरल उलटी करताच आपोआप बाहेर पडले पाहिजे. मग २५ मीटरवर टेकू घेऊन दहा-दहा फैरींचे काही गट मारावेत. त्या अंतराच्या अचूक नेमबाजीच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिमीचे असते. टेकूवरचा गट त्यात सहज मावत असेल, तर महाग गोळीमुळे गुण वाढण्याची आशा थोडीच, आणि त्याच घाण्यातल्या हजार गोळ्या मागवायला हरकत नाही. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि भरण्याचे टेबल मुलांच्या वावरापासून दूर असावे.