झेडपीच्या शाळेतला एक दिवस, आणि त्याचा गेम कसा करायचा

मागच्या दिवाळीत भाचेकंपनी आली होती आणि मोबाईलच्या गेमवरून घरात एवढी भांडणं की विचारू नका, शेवटी म्हटलं थांबा मीच एक गेम करून देतो, त्यात बंदूक नाही गाडी नाही, नुसतं वाचायचं आणि पुढं काय करायचं ते निवडायचं. टेक्स्ट अॅडव्हेंचर म्हणतात त्याला. जुनी भानगड आहे ही, १९७६ च्या सुमाराला अमेरिकेत विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरनं गुहेत फिरायचा असा गेम लिहिला होता, आपल्या लेकींना खेळता यावा म्हणून, आणि त्याला स्वतःला गुहांमधे उतरायचा नाद होता म्हणून गुहा. आता गुहा म्हटलं तर मी सहलीत बघितलेलं वेरूळ, तेही निम्मा वेळ डबा खाण्यात गेला. मला आतबाहेर पाठ असलेली जागा एकच, लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. मग तीच घेतली. तुम्हाला करायचा असेल तर कसा ते सांगतो, प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं.

कॉम्प्युटर लगेच चालू करू नका. वहीचं मागचं पान घ्या आणि शाळेचा एकच दिवस लिहून काढा, अख्खी चौथी नको, एक दिवस. घंटा (आमच्याकडं रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला), झाडलोट, परिपाठ, हजेरी, गणित, छोटी सुट्टी, खिचडी, दुपारचा तो पेंगायचा तास, खेळ, सुटली शाळा. झालं दहा टप्पे. आता प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय दिले आणि प्रत्येकाची वेगळी वाट काढली तर दहाव्या टप्प्याला किती शेवट होतील माहितीय का, १०२४. मी पहिल्यांदा हेच केलं, तिसऱ्या टप्प्यात वही संपली. पण शाळेची गंमत अशी की घंटा झाली की सगळे परत एका जागी येतात, कुणी चिंचेवर असो की कुणी हौदावर, परिपाठाला रांगेत उभं रहावंच लागतं. म्हणून दोन घंटांच्या मधे काय फाटे फोडायचे ते फोडा आणि घंटेला सगळ्या वाटा गोळा करा. अशानं चाळीसेक तुकड्यांत गेम बसतो.

मग वाटा जर परत एकच होणार असतील तर निवडायचं कशाला, असं पोरं विचारतात आणि बरोबर विचारतात. त्याचं उत्तर म्हणजे सकाळचं दुपारी आठवलं पाहिजे. गेमला दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवायला लावा, बास. माझ्यात तीनच आहेत, पेन्सिल आहे का नाही, गृहपाठ झाला का नाही, आणि वर्गातल्या बाळ्याशी कट्टी आहे का बट्टी. मार्क नाहीत, जीव नाहीत, हिरे नाहीत. सुरवातीला मी हुशारीचे पॉइंट ठेवले होते तर भाची प्रत्येक ठिकाणी पॉइंट कशाला जास्त तेच बघायला लागली, गोष्ट वाचेचना, दुसऱ्या दिवशी काढून टाकले.

साधन म्हणाल तर ट्वाइन वापरा. फुकट आहे, ट्वाइनरी डॉट ओआरजी वर ब्राउझरमधेच चालतं, डाउनलोड करून पण मिळतं. मोबाईलवर उघडतं पण बोटं वैतागतात, लॅपटॉप कुणाचा तरी मागून घ्या. त्यात प्रत्येक तुकड्याला एक चौकोनी खोका असतो, पॅसेज म्हणतात. खोक्यात मजकूर लिहायचा आणि दुहेरी चौकटी कंसात पर्याय लिहायचा, आधी पोराला दिसणारे शब्द, मग बाण, मग कुठल्या खोक्यात जायचं त्याचं नाव. माझा खिचडीचा खोका असा आहे बघा:

ताटं घेऊन रांग लागली. पातेल्यात डाव खरवडल्याचा आवाज आला म्हणजे आता खालची लागलेली खिचडी. बाळ्या तुझ्या पुढंच उभाय. त्याच्या हातात ताट नाही.
[[अर्धं अर्धं खाऊ म्हण->बट्टी]]
[[गप रहा->रांग]]
[[मावशीकडं अजून एक ताट माग->मावशी]]

एवढंच. असं नाव लिहिलं की तो खोका ट्वाइन आपोआप तयार करतं आणि बाण काढून जोडतं, नकाशा समोर दिसत रहातो. लक्षात ठेवायचं काम सेट आणि इफ या दोन शब्दांवर चालतं, ते इंग्रजीतच लिहावे लागतात आणि लक्षात ठेवायच्या गोष्टीचं नाव पण इंग्रजी अक्षरात ठेवा, मराठीत ठेवून डोकं लावत बसू नका. बट्टीच्या खोक्यात सेट करून टाकायचं की कट्टी संपली, आणि शाळा सुटायच्या खोक्यात इफ लावायचं की कट्टी असेल तर हा मजकूर नाहीतर तो. ते कसं लिहायचं हे तुम्ही कुठला स्टोरी फॉरमॅट (गोष्ट चालवायचा साचा) घेतला त्यावर ठरतं, नवीन गोष्ट उघडली की हार्लो असतो, तोच राहू द्या, बदलायच्या भानगडीत पडू नका.

पर्याय लिहिताना एक पाळा. कुठला चांगला कुठला वाईट हे वाचून कळलं नाही पाहिजे. "बाईंना खरं सांग" आणि "खोटं बोल" असे दोन दिले की पोरगं खरं सांगवर दाबणार आणि त्याला काही वाटणार नाही. त्याऐवजी गृहपाठाची वही घरी राहिलीय असं म्हणायचं, का वही काढून कोरं पान दाखवायचं, का शेजारच्याची वही दोन मिनटं मागायची. तिन्ही आपण सगळ्यांनी केलेत.

आता मराठीची कटकट. जुन्या गेममधे खेळणारा स्वतः टाइप करायचा, दिवा घे, उत्तरेला जा, असं दोन शब्दात. इंग्रजीत ते जमतं. आपल्यात "डबा उघड" इथपर्यंत ठीक आहे, पण पोरानं "डब्यातली भाकर काढ" लिहिलं की प्रोग्रामला डबा माहिती असतो, डब्यातली माहिती नसतं, फळा कळतो फळ्यावर कळत नाही. शिवाय पोरं "डब्बा उगड" लिहिणार ते वेगळंच. म्हणून टाइप करायचा गेम मराठीत पहिल्या झटक्यात करू नका, दाबायचे पर्यायच बरे.

दुसरी कटकट म्हणजे खेळणारा पोरगा का पोरगी. "तू वर्गात आलास" लिहिलं की भाची लगेच म्हणाली मी मुलगाय का. सुरवातीला विचारून ठेवता येतं पण मग प्रत्येक वाक्याला इफ लावत बसा. मी पळवाट काढली. "तू डबा उघडलास", "तू भाकर खाल्लीस" ही वाक्यं दोघांनाही चालतात कारण क्रियापद डब्याच्या नाहीतर भाकरीच्या मागं जातं. "तुला भूक लागली" चालतं, "आता काय करशील" चालतं, हुकूम तर चालतोच. अडतं ते आलास-गेलीस, बसतोस-बसतेस इथं, तिथं वाक्य फिरवायचं, "तू वर्गात आलास" च्या जागी "वर्गाचं दार उघडंच आहे". फिरवता फिरवता वाक्यं उलट जास्त चांगली झाली माझी.

भाषेचं म्हणाल तर सांगणारा साधं बोलतो आणि पोरं आपल्यासारखी बोलतात. "काय करायलास रं", "हौ की", "आले गुर्जी आले". नांदेडकडं गेलं की हेच वेगळं बोलतात, तुमच्या गावाचं तुम्ही घाला, पुस्तकातलं "तू काय करीत आहेस मित्रा" असलं लिहिलं तर पोरं हसतील आणि गेम बंद करतील.

दिवस कुठला घ्यायचा यावर मात्र वेळ घालवा. जूनचा पहिला दिवस सगळेच घेतात. आपल्याकडं १७ सप्टेंबर आहे, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ साली निजामाचं राज्य गेलं तो दिवस, पुण्यातल्या पोरांना हे झेंडावंदन नसतं. येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाचा, आदला दिवस आहे, उद्या शेतात भज्जी आणि आंबील म्हणून वर्गात कुणाचं लक्ष नाही. उन्हाळ्यातली सकाळची शाळा आहे, टँकर आला की निम्मा वर्ग घागरी घेऊन पळतो. मी दिवाळीआधीचा शेवटचा दिवस घेतला, कारण बाळ्या. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा बाळ्याची जागा रिकामी. खेळणाऱ्याला हे सकाळी माहिती नसतं. सकाळी पेन्सिलीवरून कट्टी होते, दुपारी खिचडीच्या रांगेत एक संधी, आणि शाळा सुटल्यावर वस्तीवर ट्रॅक्टर उभा दिसतो. बट्टी झाली असेल तर बाळ्या ट्रॉलीतून हात करतो. नसेल तर तो दुसरीकडं बघतो आणि पेन्सिल तुझ्या दप्तरात सापडते. मोठं काही घडवायची गरजच पडली नाही.

माझ्या चुका सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. ब्राउझरमधल्या ट्वाइनमधे गोष्ट त्या ब्राउझरमधेच साठते, हे मला माहिती नव्हतं, भाच्यानं जागा होत नाही म्हणून सगळा ब्राउझिंग डेटा साफ केला आणि सहा दिवसाचं काम गेलं. रोज कॉम्प्युटरवरून उठायच्या आधी आर्काइव्ह करून फाइल बाहेर ठेवा. दुसरं, शुद्धलेखन. मी एका ठिकाणी "सुट्टी" आणि दुसऱ्या ठिकाणी "सुटी" लिहिलं, ट्वाइननं सुटी नावाचा नवा कोरा खोका करून दिला आणि भाची त्यात जाऊन अडकली. "दुसऱ्या" सारख्या शब्दातला तो ऱ्या तर वेगवेगळ्या कीबोर्डवर आतून वेगळा टाइप होतो, दिसायला सेम पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. म्हणून खोक्यांची नावं छोटी साधी ठेवा, घंटा, हौद, रांग. आणि टाइप युनिकोडमधेच (मोबाईलवर, नेटवर चालतं ते मराठी) करा, डीटीपीवाल्याकडचे जुने फॉन्ट इथं आणले की नुसता कचरा दिसतो.

झालं की पब्लिश टू फाइल दाबा, एकच एचटीएमएल फाइल मिळते, फोटो नसतील तर अगदी हलकी. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, समोरच्यानं क्रोममधे उघडायची, एकदा उतरवली की नेट पण लागत नाही. शाळेत मोबाईल नसेल तर हाच गेम कागदावर होतो, प्रत्येक तुकड्याला नंबर द्या आणि पर्यायापुढं "१२ वर जा" लिहा, फक्त कट्टी लक्षात ठेवायला पोराच्या हातात एक खडा द्या, बट्टी झाली की खडा टाकून द्यायचा.

आणि दाखवताना शेजारी बसा पण बोलू नका. पोरांना माझा गेम खेळताना बघितलं तेव्हा कळलं की चार ओळींच्या वर कुणी वाचत नाही, पाचव्या ओळीपासून बोट पर्याय शोधायला लागतं. निम्मा मजकूर कापला. भाची गणिताच्या तासाला सारखी विचारत होती की इथं डबा उघडायचं का नाहीये, मी म्हटलं तास चालूय ना, तर म्हणे म्हणूनच. आता आहे तो पर्याय, त्यासाठी अजून चार खोके वाढले, आणि लोणच्याचा वास बाईंपर्यंत कसा पोचतो ते लिहायला एक संध्याकाळ गेली.