परदेशात कॉलऱ्यापासून वाचायचंय? मग मुंबईकरांच्या या चुका टाळा

"अगं ताई, स्टेशनबाहेरचा गोळा खाऊन मोठा झालोय मी, मला काय होतंय," लुसाकाला नोकरीसाठी जाताना धाकटा भाऊ म्हणाला होता. पहिली चूक तीच. झांबियाच्या या राजधानीत २०२३ च्या ऑक्टोबरपासून कॉलऱ्याची अशी साथ आली की जानेवारी २०२४ मध्ये नॅशनल हीरोज स्टेडियममध्येच उपचार केंद्र थाटावं लागलं, शाळाही उशिरा उघडल्या. मुंबईचं पाणी पचवलं म्हणून पटकी (म्हणजे कॉलराच) आपल्याला सोडते असं काही नसतं.

दुसरी चूक म्हणजे यलो फीवरची लस टोचून घेतली की सगळं झालं असं समजणं. कॉलऱ्याची लस वेगळी, ती तोंडाने घ्यायची, आणि आपल्याकडच्या लशीचे दोन डोस किमान दोन आठवड्यांच्या अंतराने असतात, त्यामुळे बॅग भरताना आठवून उपयोग नाही, तिकीट काढलं की लगेच डॉक्टरांना विचारा. (परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे ते हाफकिन प्लेगच्या लशीच्या आधी कॉलऱ्याच्याच लशीमागे होते, म्हणजे विषय तसा घरचाच!) लस घेतली तरी पाण्याची काळजी सुटत नाही.

पाण्याचं आपलं कसं असतं, प्यायला सीलबंद बाटली आणि दात घासायला नळ. वर सरबतात बर्फ. बर्फाने जंतू मरत नाहीत, बर्फ नको म्हणून सरळ सांगा. उकळणं म्हणजे पण कोमट करणं नव्हे, खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट, आणि अदिस अबाबासारख्या २००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. हॉटेलची केटल टक्कन बंद होते, तिचं बटण परत दाबा. मग ते पाणी न धुतलेल्या बाटलीत ओतलं की सगळी मेहनत वाया. आजी पातेल्यावर जुन्या लुगड्याची घडी धरून पाणी गाळायची ना, बांगलादेशात तसं चार वेळा घडी घातलेल्या साडीने गाळून पाहिलं तर कॉलरा निम्म्याच्या आसपास कमी झाला, कारण जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात. पण तो नाइलाजाचा उपाय, उकळणं शक्य असेल तर उकळाच.

ही पुढची चूक कोणी सांगतच नाही. रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी! पोटातलं ॲसिडच कॉलऱ्याचे जंतू मारतं, ते कमी झालं की थोडे जंतूही पुरतात. डॉक्टरांनी दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण जायच्या आधी विचारा. कच्ची कालवं, अर्धवट शिजलेले खेकडे बंद. हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात, बऱ्याचदा ताप नाही, पोटात कळ नाही, म्हणून माणूस जुलाब थांबवायची गोळी घेऊन झोपून जातो, आणि काही तासांत अंगातलं पाणी संपतं. गोळी नको, पहिल्या जुलाबापासून ओआरएस, म्हणजे पुडीतलं मीठ-साखरेचं पाणी. तेही नीट. भावाला मध्ये जुलाब लागले (साधेच निघाले), व्हिडिओ कॉलवर बघते तर हा अख्खी पुडी एका ग्लासात ढवळतोय! मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, त्याची बाटली अर्ध्या लिटरची, म्हणून दोन बाटल्या पातेल्यात ओतायला लावल्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. केमिस्टकडून ओआरएस म्हणून मिळणारे गोड पेयांचे टेट्रापॅक नेऊ नका, पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली ती उगाच नाही.

उलट्या थांबत नाहीत, लघवी होत नाही, डोळे खोल गेलेत, गुंगी येतेय, तर ओआरएस पाजत पाजत हॉस्पिटल गाठा, सलाइन लागेल.

लक्षणं काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. म्हणजे मुंबईत उतरल्यावर जुलाब लागले तर फॅमिली डॉक्टरला नुसतं "बाहेरचं खाल्लं" सांगू नका, कुठल्या देशातून आलात ते आधी सांगा.