हिवाळ्यात घरातली भाजी का मरते? या चुका टाळा

डिसेंबर लागला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, मेथी टाकली होती कुंडीत. उगवली छान, पण आठ दिवसांत सगळी आडवी झाली. थंडी बाधली वाटतं."

मी टोरांटोजवळ राहते. बाहेर उणे १५ असलं तरी घरात हीटिंग चालू असतं आणि तापमान २० अंशांच्या आसपास. मेथीला ही हवा चांगली मानवते. साताऱ्याकडे पौषातल्या रात्री याहून गार असतात आणि तिथली मेथी कशी तरारलेली असते, ते आपण पाहिलेलं आहे. इथली मरते ती उजेडावाचून, आणि बऱ्याचदा जास्त पाण्याने. हे एकदा पटलं की निम्मी भाजी वाचते.

खिडकीच्या उजेडावर विसंबणं

पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवस जवळपास ११ तासांचा असतो. टोरांटोत २१ डिसेंबरला ९ तासही भरत नाहीत. त्यातून भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर चढतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. म्हणजे ऊन थोडा वेळ, तिरपं, आणि तेही दुहेरी काचेतून गाळून आलेलं. आपल्याला खोली लख्ख वाटते, कारण आपले डोळे कमी उजेडाला जुळवून घेतात. झाडाला तसं करता येत नाही.

उजेड कमी पडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. रोपाचा देठ दोऱ्यासारखा बारीक, पांढुरका आणि लांब होतो, पानं चिमुकली राहतात आणि सगळी रोपं काचेकडे कलतात. अशी मेथी नंतर उजेडात ठेवली तरी देठ काही जाड होत नाही. ती सूप-वरणात घाला आणि नव्याने पेरा.

उपाय महाग नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चार फुटी पांढरी एलईडी शॉपलाइट पालेभाज्यांना पुरते. झाडांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. चूक होते ती अंतरात. दिवा छताला टांगतात आणि कुंडी जमिनीवर ठेवतात. दिवा पानांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर हवा आणि रोपं वाढतील तसा वर सरकवायला हवा, म्हणून साखळीला अडकवलेला बरा. १४ तास पुरे. टायमर लावून टाका. चोवीस तास दिवा ठेवून भाजी दुप्पट वेगाने वाढत नाही. उलट कोथिंबीर मोठ्या दिवसाला लवकर फुलावर येते, तिला १२ तासच द्या. विजेची काळजी असेल तर हिशोब करून पाहा: ४० वॉटचा दिवा रोज १४ तास म्हणजे महिन्याला १७ युनिटच्या आत.

पाण्याची माया

या चुकीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त झाडं हिनेच जातात. आणि ती होते प्रेमापोटी. सकाळी चहा ठेवला की कुंड्यांना पाणी घालायचं, ही आपल्या घरांतली सवय. गावाकडे उन्हात, वाऱ्यात ते पाणी संध्याकाळपर्यंत उडून जायचं. इथे हिवाळ्यात झाड मंदावलेलं असतं, पाणी कमी ओढतं, आणि कुंडी तळाशी दिवसच्या दिवस ओली राहते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून पानं मलूल होतात, आणि मलूल पानं पाहून आपण आणखी पाणी घालतो.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो कुंडीतही बघायचा असतो. माती ओलसर असावी, चिखल नसावी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. वरची माती पाहून अंदाज करू नका. हीटिंगच्या कोरड्या हवेने वरचा अर्धा इंच दिवसभरात सुकतो, तळ मात्र ओलाच असतो. मी कुंडी उचलून बघते. पाणी घातल्यावर एकदा उचला, वजन हाताला कळू द्या, आणि मग रोज उचलत राहा. एक दिवस ती अचानक हलकी लागते. तो दिवस पाण्याचा. माझ्या मेथीच्या ट्रेला जानेवारीत तो चौथ्या-पाचव्या दिवशी येतो, कढीपत्त्याला कधी कधी पंधरा दिवसांनी.

पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं घाला. नळाला या दिवसांत बर्फासारखं गार पाणी येतं. रात्री तांब्यात भरून ठेवलं की झालं. घरात वॉटर सॉफ्टनर (जड पाणी मृदू करणारं यंत्र) असेल तर त्याचं पाणी कुंड्यांना देऊ नका, त्यातला सोडियम मातीत साठत जातो. बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

जमिनीलगत देठ काळे पडून कोवळी रोपं मटकन बसत असतील तर ती रोपमर. बुरशीचं काम. दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंडलेली हवा हे तिन्ही जुळलं की ती येतेच. मेथीचे दाणे मूठभर ओतायचा मोह आवरा, दाण्यात दाण्याएवढं तरी अंतर ठेवा, आणि छोटा पंखा मंद वेगावर दिवसातून दोन-तीन तास चालू ठेवा.

आणि बागेतली माती घरात आणू नका. कुंडीत ती दगडासारखी बसते आणि बरोबर किडीही आणते. पॉटिंग मिक्समध्ये (कुंडीसाठी तयार मिळणारी माती) चार भागांना एक भाग पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) मिसळलं की निचरा उत्तम होतो.

काच, पडदा आणि गरम हवेची जाळी

इथल्या बऱ्याच घरांत गरम हवेची जाळी बरोबर खिडकीखाली जमिनीत असते. म्हणजे ज्या खिडकीत आपण कुंडी ठेवतो तिथे एका बाजूला गारठलेली काच आणि खालून तापलेली, कोरडी हवा. पानांच्या कडा करपतात आणि वाटतं पाणी कमी पडलं.

रात्री पडदा ओढला की आणखी एक घोळ होतो. कुंडी पडद्याच्या आणि काचेच्या मधे अडकते आणि खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचतच नाही. एका फेब्रुवारीत सकाळी मी पडदा सरकवला तर तुळशीची चार पानं काचेवरच्या बर्फाच्या थराला चिकटलेली होती. सोडवताना ती हिरव्या कागदासारखी ओली आणि आरपार दिसत होती. बाकीचं झाड ठीक होतं, फक्त काचेला टेकलेली पानं गेली. तेव्हापासून रात्री कुंड्या पडद्याच्या आत घेते आणि जाळीवर हवा वळवणारी प्लास्टिकची झडप लावली आहे.

भलत्या भाजीचा हट्ट

भेंडी, वांगी, दोडका यांची आठवण मलाही येते. पण फळभाजीला पालेभाजीपेक्षा खूप जास्त प्रकाश लागतो, आणि घरातल्या साध्या दिव्याखाली झाड जगलं तरी फळ धरत नाही. त्यांना मे महिना उजाडेपर्यंत थांबू द्या.

हिवाळ्यात घरात मनासारखं येतं ते असं: मेथी, मोहरीचा कोवळा पाला, वाटाण्याचे कोंब, पालक, पुदिना, कांद्याची आणि लसणाची पात. कोंब फुटलेल्या लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून मातीत खोचल्या की दोन-तीन आठवड्यांत चटणीपुरती पात तयार. मेथी रात्रभर भिजवून पेरलीत तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि तीन-चार आठवड्यांत भाजीला होते. पण एका ट्रेमधून चार माणसांची भाजी निघत नाही, हेही सांगायला हवं. दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरत राहा, म्हणजे ठेपले-पराठ्यांत घालायला ताजा पाला कायम राहतो.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार फार ऐकते. अख्खा धणा म्हणजे दोन दाण्यांचं फळ. तो लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. मग आठ ते पंधरा दिवस वाट पाहा. लोक सातव्या दिवशी माती उकरून बघतात, तिथेच कोंब मोडतो. तिचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून एका कुंडीतून दुसरीत लावायच्या भानगडीत पडू नका. आणि तिला घरातली सगळ्यात गार खोली द्या, १५ ते १८ अंशांत ती खूश असते.

कढीपत्ता मेला असं समजून टाकून देणं

हे सांगताना वाईट वाटतं, पण दर वर्षी कुणीतरी जिवंत कढीपत्ता कचऱ्यात टाकतं. हिवाळ्यात तो विसावतो. पानं पिवळी पडतात, गळतात, जानेवारीत नुसती काठी उरते. तेव्हा नखाने खोडाची साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली खरवडून बघा. वरची फांदी गेली तरी बुडखा जिवंत असू शकतो.

या काळात त्याला खत नको, नवी कुंडी नको, छाटणी नको. पाणी अगदी बेताने, दारावरच्या गार झोतापासून लांब. फेब्रुवारीच्या शेवटी टोकाला तपकिरी-हिरवे बारीक कोंब दिसले की मग पाणी हळूहळू वाढवा, आणि खत मार्चमध्ये.

अळूचं वेगळं. पहिल्या कडाक्याआधी कंद काढून, माती झटकून, कोरड्या भुश्यात तळघरात ठेवा. फ्रीजमध्ये नको, तिथे ते खराब होतात.

अंगणातल्या वाफ्यातल्या चुका

काही जण अंगणात कोल्ड फ्रेम करतात: लाकडी चौकट आणि वर काच किंवा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक प्लास्टिक पत्रा. उत्तम कल्पना आहे. मात्र जुन्या खिडकीचा रंग पोपडे धरत असेल तर ती वापरू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

पहिली चूक, उशिरा पेरणं. अमेरिकेच्या मेन राज्यात, जवळपास आमच्याच अक्षांशावर, इलियट कोलमन हे शेतकरी बाहेर गोठलेलं असताना भाज्या काढतात. त्यांनी लावलेला दंडक असा: दिवस १० तासांखाली गेला की वाढ जवळजवळ थांबते. आमच्याकडे हा काळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. त्याआधी पालक, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) पुरते वाढलेले हवेत, म्हणजे पेरणी ऑगस्टअखेर. नंतर तो वाफा एखाद्या कोठारासारखा वापरायचा, लागेल तसं काढून आणायचं.

दुसरी चूक, झाकण बंद ठेवणं. बाहेर ५ अंश आणि ऊन स्वच्छ असेल तर आत दुपारी ३० च्या वर जातं आणि पालक उकडतो. सकाळी एक टेकू लावा, ऊन उतरण्याआधी काढा.

तिसरी, गोठलेली पानं तोडणं. सकाळी पालक काचेसारखा कडक होऊन जमिनीला चिकटलेला दिसतो. हात लावू नका. दुपारपर्यंत तो वितळून आपोआप उभा राहतो. तोडणी तेव्हा करा. थंडी खाल्लेल्या त्या पानांत साखर उतरलेली असते आणि त्याची पातळभाजी चवीला फार वेगळी लागते.

चिलटं, कोळी, मावा

मातीवर काळी चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय. वरची माती सुकू द्या, पिवळे चिकट कागद लावा. पानामागे बारीक जाळं आणि पानांवर पांढरे ठिपके म्हणजे कोळी ही बारीक कीड. त्याला कोरडी हवा आवडते. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या दोन्ही बाजू धुवा, दर चार-पाच दिवसांनी, तीन वेळा तरी. माव्यालाही हेच. खायच्या पाल्यावर घरात औषधं मारू नका.

वसंतात घाई

एप्रिलमध्ये एक दिवस १८ अंश होतात आणि सगळ्या कुंड्या बाहेर जातात. महिनोन्‌महिने दिव्याखाली राहिलेली पानं त्या उन्हात दोन तासांत पांढरी पडतात. आधी सावलीत तासभर, मग रोज थोडं जास्त, असे आठ-दहा दिवस काढा. रात्री १० अंशांखाली जात असतील तर आत घ्या. इथले जुने माळी मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत टोमॅटो बाहेर लावत नाहीत. माझा कढीपत्ता त्याच्याही नंतर आठवड्याने अंगणात जातो.