इडो भाषेत 'स्क्रिबार' हे क्रियापद कसे चालवावे

'स्क्रिबार' म्हणजे लिहिणे. धातू लॅटिन 'स्क्रीबेरे'पासून आला. इटालियन 'स्क्रीवेरे', स्पॅनिश 'एस्क्रिबिर' आणि जर्मन 'श्रायबेन' हे त्याचेच आप्त. एस्परान्तो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत तो 'स्क्रीबि' आहे. एस्परान्तो सुधारून १९०७ मध्ये इडो पुढे आली, तेव्हा धातू तसाच राहिला आणि शेवटच्या 'इ'च्या जागी 'आर' आला.

आधी 'आर' काढा. उरलेल्या 'स्क्रिब'ला काळाचा प्रत्यय लावा:

वर्तमान: मे स्क्रीबास (मी लिहितो, लिहिते)
भूत: मे स्क्रीबिस
भविष्य: मे स्क्रीबोस
संकेतार्थ: मे स्क्रीबुस
आज्ञार्थ: स्क्रीबेझ!

'मे'च्या जागी तू, इलू (तो), एलू (ती), नी (आम्ही, आपण) किंवा ली (ते) ठेवा, क्रियापद बदलत नाही. मराठी माणूस इथेच अडखळतो. 'पत्र लिहिलं', 'चिठ्ठी लिहिली' असा कर्माप्रमाणे फेर करायची आपल्याला सवय. इडोत दोन्हीकडे 'स्क्रीबिस'च. 'लिहितो' आणि 'लिहितोय' या दोन्हींसाठीही 'स्क्रीबास' चालते. पण 'उद्या लिहितो' म्हणताना वर्तमानकाळ वापरू नका, तिथे 'स्क्रीबोस'च हवे.

संकेतार्थ मात्र आपल्याला सोपा जावा. 'कागद असता तर लिहिलं असतं' यात मराठी दोन्ही वाक्यांना 'ता'ची खूण देते, इडो दोन्हींना 'उस': 'से मे हावुस पापेरो, मे स्क्रीबुस.'

आता आघात. 'स्क्रिबार'मध्ये जोर शेवटच्या अक्षरावर, 'स्क्रीबास'मध्ये उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर. हा फरक सुरुवातीपासून मोठ्याने म्हणून बसवा, नंतर सुधारणे जड जाते.

'लिहिले होते' म्हणायचे असेल तर धातू आणि प्रत्यय यांमध्ये 'आब' घाला: स्क्रिबाबिस. कर्मणीसाठी 'एस': 'ला लेत्रो स्क्रिबेसिस', पत्र लिहिले गेले. नकारात 'ने' क्रियापदाच्या आधी येतो: मे ने स्क्रीबास. मराठीप्रमाणे तो शेवटी टाकू नका.

धातुसाधिते सहा आहेत. कर्तरी: स्क्रिबान्ता (लिहिणारा), स्क्रिबिन्ता (ज्याचे लिहून झाले आहे असा), स्क्रिबोन्ता (पुढे लिहिणार असलेला). यांतला 'न' गाळला की कर्मणी रूपे मिळतात: स्क्रिबाता, स्क्रिबिता, स्क्रिबोता. शेवटच्या 'आ'चा 'ओ' केला की नाम होते. 'स्क्रिबान्तो' म्हणजे लिहीत असलेली व्यक्ती. लिहिलेल्या मजकुराला मात्र 'स्क्रिबुरो' म्हणतात, कारण 'उर' हा प्रत्यय क्रियेतून निघालेली वस्तू दाखवतो.